पाळीबदलाची नोंद

पारनेर तालुक्यातील सुपे येथील औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी, जेथे कारखाने पाळ्यांवर चालतात, तेथे जाणाऱ्या कामगाराने येणाऱ्याच्या हाती दिलेला तपशील हाच सुरक्षिततेचा खरा आधार होय. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलमंचावर, ज्या पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठी काढली होती तोच पंप रात्रपाळीने अजाणता सुरू केला आणि १६७ माणसे प्राणास मुकली. त्या दुरुस्तीच्या परवान्याचा कागद होता, परंतु योग्य हाती पडला नव्हता. अशी चूक टाळण्यास इलेक्ट्रॉनिक नोंदवही उपयोगी पडते; तीत प्रत्येक मजकुरास वेळ व लिहिणाऱ्याचे नाव जोडले जाते, खाडाखोड लपत नाही, आणि चालक, दुरुस्ती विभाग व व्यवस्थापक तीच नोंद एकाच वेळी वाचू शकतात. कारखानदारांनी ती कामगारांच्या मराठीत अवश्य उपलब्ध करावी.