बिछडीच्या विहिरींची वसुली

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. 1980च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या विहिरींचे पाणी नासले. ते माणसांना पिता येईना, गुरांना पाजता येईना, शेतालाही देता येईना. लोक इतके चिडले की जमावबंदी लागू करावी लागली.

कारण होते एच-ॲसिड, कापडाच्या रंगांसाठी लागणारे रसायन. तिथल्या कारखान्याने ते बनवले जेमतेम 375 टन, पण मागे उरलेला विषारी गाळ 2,440 टनांच्या घरात. तो उघड्यावर पडला आणि पावसाबरोबर जमिनीत मुरला. या उत्पादनाला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही नव्हती.

1989 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तोवर कायद्याचे हत्यार तयार झाले होते. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर वर्षभराने, डिसेंबर 1985 मध्ये, दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्यावरच्या खटल्यात सरन्यायाधीश भगवती यांनी नुकसानभरपाईचा जुना इंग्रजी नियम बाजूला सारला. त्या नियमात दैवी आपत्ती, तिऱ्हाइताची आगळीक अशा पळवाटा होत्या. भगवतींनी सांगितले, धोकादायक धंदा करणाऱ्याने नुकसान भरूनच द्यायचे, काळजी कितीही घेतलेली असो. शिवाय कंपनी जेवढी मोठी, तेवढी भरपाई मोठी.

बिछडीच्या कंपनीचा युक्तिवाद असा, की भगवतींचे ते विधान केवळ ओघात आलेले, बंधनकारक नाही. न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी 1996 मध्ये तो फेटाळला आणि ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व लागू केले. माती-पाणी पूर्ववत करण्याचा खर्च ठरला: 37 कोटी 38 लाख 50 हजार रुपये.

निकाल लागला, पैसे मात्र येईनात. अर्जामागून अर्ज करत कंपनीने वर्षे काढली. श्रीमंत पक्षकाराला आपल्याकडे तारखा नेहमीच स्वस्त पडतात. अखेर 2011 मध्ये न्यायालयाने मूळ रकमेवर नोव्हेंबर 1997 पासून 12 टक्के चक्रवाढ व्याज लावले. म्हणजे देणे चौपटीच्या पुढे गेले. चालढकलीचे पैसे वसूल करण्याची ही युक्ती खरे तर मूळ निकालाइतकीच मोलाची.

2010 च्या हरित न्यायाधिकरण कायद्यात ही तत्त्वे आता लेखी आली आहेत. फौजदारी बाजूला मात्र वारे उलटे आहे. 2023 च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली कैद काढून 10 हजार ते 15 लाखांचा दंड ठेवला. तो मुदतीत भरला नाही, तरच तुरुंगाची वाट उघडते.