नळाची गळती आणि कंपनांचा पाठ

पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग पर्जन्यछायेत मोडतो. शिरूर तालुक्यातील निमोणे हे गाव याच भागातले. अशा गावी पाण्याचे मोल विद्यार्थ्यांस वेगळे सांगावे लागत नाही. परंतु नळातील जे पाणी जमिनीखालीच नाहीसे होते, त्याचा शोध कसा घेतात, हे मात्र सांगण्याजोगे आहे. सहावी-सातवीच्या विज्ञान व गणित या दोन्ही विषयांस हा पाठ जोडता येतो.

२०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. एखाद्या सांध्यातून मिनिटाला १० लिटर पाणी गळत असेल व गावास रोज दोन तास पाणी सुटत असेल, तर १,२०० लिटर पाणी, म्हणजे सुमारे २२ माणसांचा वाटा, मातीत जातो. याहून मोठा धोका पाणी बंद झाल्यावर असतो. नळ रिकामा होताना आतील दाब उतरतो आणि ज्या भेगेतून पाणी बाहेर गेले, तिच्यातूनच गटाराचे वा डबक्याचे पाणी आत शिरू शकते. पुन्हा पाणी सुटले की तेच प्रथम घागरीत पडते. कावीळ, हगवण व विषमज्वर पसरण्याचा हा एक मार्ग होय.

गळतीचा आवाज

दाबाखालील पाणी अरुंद भेगेतून जोराने बाहेर पडते, तेव्हा नळाची भिंत व आतील पाणी सूक्ष्म कंप पावतात. हे कंप नळाच्या दोन्ही दिशांना धावतात. मुंबईत महानगरपालिकेचे कामगार रात्रीच्या शांत वेळी धातूचा दंड झडपेवर वा जमिनीवर टेकवून दुसऱ्या टोकास कान लावीत व गळतीचा सूर ओळखीत आले आहेत.

कंपनमापक, ज्यास व्यवहारात सेन्सर म्हणतात, हेच काम अधिक सूक्ष्मतेने करतो. पुष्कळ कंपनमापकांत एक विशेष स्फटिक बसविलेला असतो. कंपाने तो दाबला गेला की किंचित वीज उत्पन्न होते व तिची नोंद यंत्र घेते.

जागा कशी कळते?

नळाच्या दोन झडपांवर दोन कंपनमापक बसवितात. गळती ज्यास जवळ, तेथे आवाज आधी पोहोचतो. समजा, दोहोंमधील अंतर २०० मीटर आहे, लोखंडी नळातून आवाज सेकंदाला १,२०० मीटर जातो आणि दोन नोंदींत ०.०५ सेकंदाचा फरक आहे. तेवढ्या वेळात आवाज ६० मीटर जातो. म्हणजे एका बाजूचे अंतर दुसरीहून ६० मीटर अधिक आहे. २०० मधून ६० वजा करून निम्मे केले की ७० मीटर येतात. जेथे आवाज आधी आला, तेथून ७० मीटरवर खणावे.

येथे एक सावधगिरी हवी. खेड्यांतील बहुतेक नवे नळ प्लास्टिकचे असतात. त्यांतून आवाज पुष्कळ सावकाश जातो व थोड्या अंतरावरच विरतो. म्हणून कंपनमापक जवळजवळ बसवावे लागतात आणि हिशेबात त्या नळाचाच वेग धरावा लागतो. नाही तर खड्डा भलत्याच जागी पडतो. शिवाय पाणी सुटलेले असतानाच ऐकावे लागते. रिकामा नळ मुका असतो.

वर्गात करावयाचा प्रयोग

एका मुलाने लांब बाकाच्या टोकास कान लावावा व दुसऱ्याने दुसऱ्या टोकास नखाने हलकेच खरवडावे. हवेतून न ऐकू येणारा आवाज लाकडातून स्पष्ट येतो. त्यानंतर, पाण्याच्या वेळी, शाळेचा नळ किंचित उघडून त्यावर लाकडी पट्टीचे एक टोक टेकवावे. दुसरे टोक कानापुढील हाडास हळूच लावून सूं-सूं आवाज ऐकवावा. मग शाळेतील सर्व तोट्या बंद करून पुन्हा ऐकावे. आवाज चालूच राहिला, तर जवळपास गळती असण्याचा संभव आहे. शिक्षकांनी वार व वेळ लिहून ती नोंद ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडे द्यावी. मुलांस झडपेच्या खड्ड्यात उतरू देऊ नये.

असा पाठ झालेल्या मुलांस पाणी सुटलेल्या वेळी रस्त्यातील ओल दिसली, तर ती निव्वळ चिखल म्हणून ओलांडून जाणार नाहीत. ती शाळेत येऊन जागा सांगतील.