दृष्टीची प्रदक्षिणा

उंच गडाच्या माथ्यावर उभें राहिलें म्हणजे मनुष्याच्या दृष्टीची मर्यादा चांगलीच ध्यानांत येते. समोर पाहावें तर मागचें दृश्य अंतरतें. मागें वळावें तर समोरचें हरपतें. मन सर्व मिळून एकच चित्र बांधूं पाहतें, पण डोळे तें त्याला तुकड्यातुकड्यांनींच पुरवितात. साध्या कॅमेऱ्याची गति तर याहूनहि वाईट. त्याच्या चौकटींत त्या विस्ताराचा एक कोपरा तेवढा सांपडतो. ही उणीव भरून काढणारी युक्ति आतां घरोघरच्या स्मार्टफोनांत आयती बसविलेली असते. कॅमेरा उघडला कीं 'पॅनो' किंवा 'पॅनोरामा' या नांवाखालीं ती सांपडते. परंतु तिचा यथास्थित उपयोग करणारे थोडे. एकदोन वेळां वेडेंवांकडें चित्र उमटलें कीं मंडळी तिचा नाद सोडून देतात. म्हणून त्या युक्तीचा थोडा इतिहास, तिच्या पोटांतील रचना आणि ती साधण्याचे नियम सांगण्याचें येथें योजिलें आहे; आणि तिचें खरें काम डोंगरदऱ्यांपेक्षां आपल्या घरांतच अधिक आहे, असें आम्हांस कां वाटतें, तेंहि सांगूं.

प्रथम शब्दाचा विचार करूं. 'पॅनोरामा' हा शब्द ग्रीक भाषेंतील 'पान्' म्हणजे सर्व आणि 'होरामा' म्हणजे दृश्य या दोन पदांपासून बनविलेला आहे. मराठींत याला कोणी 'विहंगम दृश्य' म्हणतात, तें आम्हांस पसंत नाहीं. विहंगम म्हणजे आकाशमार्गानें जाणारा पक्षी. तो वरून खालीं पाहतो. येथें पाहणारा भूमीवरच उभा असून स्वतःभोंवतीं फिरतो. 'सिंहावलोकन' म्हणावें, तर त्यांत मान वळवून मागें पाहण्याचाच अर्थ प्रधान. तेव्हां या लेखापुरता आम्ही 'चक्रदृश्य' असा शब्द योजितों. वाचकांस याहून चांगला सुचल्यास त्यांनीं खुशाल वापरावा.

ही कल्पना छायाचित्रकलेहूनहि जुनी आहे. एडिंबरो येथील रॉबर्ट बार्कर या चित्रकारानें १७८७ सालीं वर्तुळाकार भिंतीवर आंतल्या बाजूनें चौफेर देखावा रंगविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. पुढें १७९३ सालीं त्यानें लंडनच्या लेस्टर चौकांत अशा चित्रांकरितां एक गोल इमारतच उभारिली. प्रेक्षकांनीं मध्यभागीं उभें राहावें आणि सभोंवार नजर फिरवावी, अशी तेथील योजना होती. १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडलें, तेव्हां पुढच्याच वर्षीं रॉबर्ट केर पोर्टर यानें त्या प्रसंगाचें सुमारें १२० फूट लांबीचें अर्धवर्तुळाकार चित्र लंडनांत मांडलें. छायाचित्रकला १८३९ सालीं जगापुढें आली, आणि थोड्याच वर्षांत चित्रकारांची ही हौस छायाचित्रकारांनीं उचलली. १८५७ च्या उठावानंतर फेलिस बिआटो हा छायाचित्रकार लखनौस आला, आणि १८५८ सालीं त्यानें त्या उद्ध्वस्त नगरीचीं अनेक चित्रें शेजारीं शेजारीं जोडून लांबच लांब देखावे सिद्ध केले. अमेरिकेंत मायब्रिज यानें १८७८ सालीं सॅन फ्रान्सिस्को शहराचें संपूर्ण वर्तुळ १३ मोठ्या काचांवर उतरविलें. पुढें १९०४ सालीं पेटंट मिळालेला 'सर्कट' नांवाचा कॅमेरा आला. हा घड्याळाच्या चावीसारख्या यंत्रानें तिकाटण्यावर स्वतः फिरे आणि आंतील फिल्म एका अरुंद फटीमागून सरकत जाई. शाळांचे व पलटणींचे लांब समूहफोटो यानें काढीत. कॅमेरा सावकाश फिरत असतां एखादा खट्याळ विद्यार्थी रांगेच्या मागून धांवत जाऊन दुसऱ्या टोंकास उभा राही आणि एकाच चित्रांत दोनदां उमटे! शिक्षकाच्या पेशांत जन्म घालविलेल्या आम्हांस या गोष्टीचें मुळींच आश्चर्य वाटत नाहीं.

हातांतील लहान कॅमेऱ्यानें नुसता झोंक देऊन चक्रदृश्य घेण्याची सोय सोनी कंपनीनें २००९ सालीं आणिली. अँड्रॉइडच्या २०११ सालच्या चौथ्या आवृत्तींत ती फोनांत शिरली, आणि २०१२ सालीं आयफोनांतहि आली. तेव्हांपासून तिकाटणें, चावी, फिल्म हा सर्व पसारा खिशांत मावूं लागला.

आतां फोन हें काम कसें करितो तें पाहूं. आपण तो फिरवूं लागलों म्हणजे तो एक मोठें चित्र काढीत नाहीं. लहान लहान चित्रें भराभर काढीत जातो आणि प्रत्येकाच्या मध्यभागाची उभी पट्टी तेवढी उचलितो. फोनांतील गायरोस्कोप हें यंत्र तो किती फिरला याची वर्दी देतें. मग एका पट्टींतील खुणा, म्हणजे खिडकीचा कोपरा, झाडाची फांदी, कौलांची ओळ, दुसऱ्या पट्टींतील त्याच खुणांशीं ताडून पाहून दोन्ही पट्ट्या बेमालूम सांधल्या जातात. गोधडी शिवणारी गृहिणी जसें नक्षीला नक्षी जुळवून तुकडा तुकड्यास जोडते, तसेंच हें. म्हणूनच हें चित्र एका क्षणाचें नसतें. डाव्या टोंकाचा क्षण निराळा आणि उजव्या टोंकाचा पंधरावीस सेकंदांनंतरचा. साध्या फोटोंत काळ थांबलेला असतो. येथें तो चालत असतो. हें एक तत्त्व नीट समजलें म्हणजे पुढील नियम पाठ करावे लागत नाहींत. ते आपोआप सुचतात.

पहिला व मुख्य नियम फिरण्याचा. नाकासमोर एक बोट धरून आळीपाळीनें एकेक डोळा मिटावा. बोट जागचें हलत नाहीं, तरी मागच्या भिंतीवरील त्याची जागा बदलते. पाहणाऱ्याचें स्थान बदललें कीं जवळची वस्तु दूरच्या वस्तूच्या मानानें सरकलेली दिसते. आपल्या ज्योतिर्गणितांत ग्रहणाच्या प्रकरणांत याच भेदाला 'लंबन' असें नांव आहे. आतां पुष्कळ लोक काय करितात, तर हात लांब करून फोन धरितात आणि स्वतः मध्यभागीं उभे राहून गिरकी घेतात. हात दोन फूट लांब धरला तर अर्ध्या वर्तुळांत फोन आपल्या पहिल्या जागेपासून चार फूट दूर जातो. दहा मैलांवरच्या डोंगराच्या हिशेबीं चार फूट म्हणजे कांहींच नव्हे. पण सहा फुटांवरच्या खांबाच्या हिशेबीं तें फार मोठें अंतर होय. खुणा जुळेनाशा होतात, खांब मध्येंच तुटतो, तुळशीवृंदावन दोन दिसतें, आणि दोष मात्र फोनच्या माथीं येतो.

यावर उपाय आपल्या नित्याच्या आचारांतच आहे. प्रदक्षिणेंत देव जागच्या जागीं असतो आणि आपण त्याच्या भोंवतीं फिरतों. येथें फोनचें भिंग हा देव मानावा. तें एका बिंदूवर स्थिर राहावें आणि आपण आंखूड पावलें टाकीत त्याच्या मागून फिरावें. चित्र डावीकडून उजवीकडे घेतलें, तर ही प्रदक्षिणा यथाशास्त्र देवास उजव्या हातीं ठेवूनच घडते! कोंपर बरगड्यांशीं टेंकवावें, फोन उभा आणि छातीजवळ धरावा. याहूनहि बिनचूक काम हवें असल्यास फोनच्या खालच्या कडेस दोरा बांधून त्याला एक किल्ली अडकवावी. गवंड्याच्या ओळंब्याप्रमाणें ती सरळ लोंबते. खालीं फरशीवर रांगोळीचा एक ठिपका काढावा आणि किल्ली त्या ठिपक्यावरून ढळूं देऊं नये. या उपायास खर्च कांहींच नाहीं, आणि गुण तत्काळ येतो.

दुसरा नियम वेगाचा व पातळीचा. पडद्यावर एक रेघ आणि तीवर सरकणारा बाण दिसतो. बाण रेघेवरून ढळूं न देतां सावकाश व सारख्या गतीनें फिरावें. फोन खालीं-वर झाला कीं चित्राच्या कडा कापल्या जाऊन त्याची उंची घटते.

तिसरा प्रकाशाचा. अर्धें वर्तुळ फिरतांना एका टोंकास ऊन व दुसऱ्या टोंकास सावली असावयाचीच. सूर्याकडे तोंड करून आरंभ करूं नये. मध्यम प्रकाशाच्या जागेवर पडद्यावर बोट क्षणभर दाबून धरलें म्हणजे बहुतेक फोनांत प्रकाशाचें मान तेथेंच कायम होतें. मग आरंभस्थानीं येऊन चित्र घ्यावें. सकाळची किंवा दिवस कलतांनाची वेळ उत्तम.

चौथा चलनवलनाचा. काळ चालत असल्यामुळें जो हलेल तो बिघडेल. फोनच्या दिशेनेंच चालणारा मनुष्य चित्रांत रुंदावतो किंवा पुन्हां पुन्हां उमटतो. उलट दिशेनें येणारा आकसतो. शेंपूट हालविणाऱ्या कुत्र्यास सहा पाय फुटतात. लेंकरांस तेवढा वेळ मांडीवर घट्ट धरून बसावें.

पांचवा नियम सर्वांत कमी ठाऊक असलेला. अंगणांतून समोरच्या सरळ ओसरीचें चक्रदृश्य घेतलें, तर ती धनुष्यासारखी वांकलेली दिसते. मध्यें फुगलेली आणि टोंकांस निमुळती. हा यंत्राचा बिघाड नव्हे. पत्र्याच्या गोल डब्याच्या आंतून देखावा रंगवावा आणि डबा उभा चिरून सपाट करावा, तसें हें चित्र असतें. उभे खांब त्यांत सरळच राहतात. डोळ्यांच्या पातळीवरील रेघहि सरळ राहते. पण तिच्या वरचें आढें व खालचें जोतें वांकतें. जुने सर्कटवाले छायाचित्रकार हें जाणून होते. ते मंडळींस सरळ रांगेंत न बसवितां अर्धवर्तुळांत बसवीत. सर्वजण कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आले कीं चित्रांत रांग सरळ उमटते आणि टोंकाचा मनुष्य मधल्याइतकाच मोठा दिसतो. एकत्र कुटुंबाच्या फोटोस याहून उत्तम युक्ति नाहीं.

उंच वस्तूसाठीं हाच प्रयोग उभाहि करितां येतो. फोन आडवा धरून खालून वर नेला कीं देवळापुढची दीपमाळ जोत्यापासून शेंड्यापर्यंत एका चित्रांत मावते.

या सर्व नियमांचा प्रत्यय आम्हांस गेल्या वैशाखांत आला. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचा पुण्याच्या पेठेंतील दोन चौकी वाडा पाडून तेथें सदनिका व्हावयाच्या होत्या. चौघा भावांचीं बिऱ्हाडें हलण्यापूर्वीं कुळधर्माच्या निमित्तानें सत्तावीस माणसें जमलीं होतीं. धाकट्या नातवानें चौकाच्या मधोमध उभें राहून हात लांब करून एक चित्र घेतलें. त्यांत ओसरीचे दोन खांब तुटले आणि मोठ्या काकांस दोन चष्मे आले. मग रांगोळीचा ठिपका काढला, दोऱ्याला किल्ली बांधली, वडील मंडळींस अर्धवर्तुळांत खुर्च्यांवर बसविलें, मागें तरुण उभे केले, आणि चित्र अगदीं जसेंच्या तसें उतरलें. सर्व मंडळी खूष झाली. पंचाऐशी वर्षांच्या आजींनीं तें निरखून पाहिलें आणि विचारलें, "अरे, पण यांत विहीर कुठें आहे? मी लग्न होऊन आलें ती पहिली घागर त्या विहिरीवरच भरली." विहीर नातवाच्या पाठीमागें होती. अर्ध्या वर्तुळाच्या चित्रांत अर्धें घर वगळलेंच जातें, हें तोंपर्यंत कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. त्यानें लगेच विहिरीकडे तोंड करून दुसरें चित्र घेतलें. मग माजघर, देवघर, माडी यांचींहि घेतलीं. पुढें दीड महिन्यांत वाडा जमीनदोस्त झाला. आज चारहि बिऱ्हाडांत तीं दोन चित्रें भिंतीवर आहेत. आजी पाहुण्यांस विहिरीचें चित्र आधीं दाखवितात.

पुण्यांतील जुने वाडे झपाट्यानें जात आहेत. जुनें घर राहण्यास गैरसोयीचें व धोक्याचें झालें असतां तें पाडूं नये, असा आमचा आग्रह नाहीं. पण पाहा, १७३२ सालीं बांधून झालेला शनिवारवाडा १८२८ च्या आगींत आंतून भस्म झाला. छायाचित्रकला जन्मास यावयास तेव्हां अकराच वर्षें उरलीं होतीं. आज तेथें तट, दरवाजे, जोतीं आणि कारंज्यांचे हौद दिसतात. आंतील दिवाणखान्यांचें रूप जोत्यांवरून व लिहिलेल्या वर्णनांवरून ताडावें लागतें. पेशव्यांजवळ साधन नव्हतें. आपल्याजवळ तें खिशांत आहे. तरीहि आपल्या घराचें चित्र नसावें, याला काय म्हणावें?

शेवटीं तीन सूचना. चित्र दुसऱ्यास पाठवितांना निरोपांच्या ॲपांतून साध्या रीतीनें धाडलें कीं तें आकसून बारीकसारीक तपशील जातो. यास्तव मूळ फाईल जशीच्या तशी दोन ठिकाणीं ठेवावी. तें फोनच्या पडद्यावर चिंचोळें दिसतें म्हणून कागदावर छापावें. बारा हजार बिंदू लांब व तीन हजार बिंदू उंच असें चित्र दर इंचास २०० बिंदूंप्रमाणें छापिलें असतां ५ फूट लांब व १५ इंच उंच होतें. तेवढ्यांत प्रत्येकाचा चेहरा ओळखतां येतो. आणि मागील बाजूस तिथि, स्थळ व डावीकडून क्रमानें सर्वांचीं नांवें शिसपेन्सिलीनें लिहावीं. ज्यांस तीं नांवें सांगतां येतात तीं माणसें घरांत आहेत तोंवरच हें काम होण्यासारखें आहे. येत्या सणास मंडळी जमतील तेव्हां पंक्ति उठल्यावर अर्धा तास यास द्यावा. आणि चित्र घेऊन झाल्यावर घरांतील सर्वांत वडील स्त्रीस, यांत काय राहिलें, तें अवश्य विचारावें.