टर्बोची शिट्टी आणि बोटभर नळी

रत्नागिरीच्या एका वाचकांचं पत्र आहे. गाडी टर्बो पेट्रोल, बऱ्याच वर्षांची, दुसऱ्या हातची घेतलेली. आंबा घाट चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून ‘फुस्स्’ असा आवाज येतो आणि गाडी ओढत नाही. गॅरेजवाला म्हणतो, टर्बो गेला, बदला. मित्र म्हणतो, ब्लो-ऑफ व्हॉल्व गळतोय, बाजारात मोठा मिळतो तो बसव, आवाजही भारी येतो. ते विचारतात, कुणाचं ऐकू?

तूर्त दोघांचंही नको. त्याआधी जरा स्वयंपाकघरात जाऊ.

कुकरला वाफ धरत नसेल तर कुणी कुकर भंगारात काढत नाही. आधी शिट्टीत भाताचं शीत अडकलंय का ते पाहतात, मग झाकणाचं रबर. ही शिट्टी साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो जादा दाब झाला की उचलली जाते. रस्त्यावरच्या टर्बो पेट्रोल गाड्यांचा बूस्टही बहुधा त्याच्याच आसपास असतो. म्हणजे घाट चढताना तुमच्या इंजिनच्या नळ्यांत जवळजवळ कुकरइतका दाब असतो. फरक इतकाच, की इथे वाफेऐवजी हवा असते आणि ती कोंबणारं चाक मिनिटाला लाखभर फेऱ्या घेत असतं.

शिट्टीचा विषय निघाला की मला डेनिस पापिन आठवतोच. हा फ्रेंच गडी पॅरिसला हायगेन्सच्या आणि लंडनला बॉइलच्या हाताखाली काम करून तयार झालेला. १६७९ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचं एक भांडं ठेवलं. कुकरचा हा खापरपणजोबा. १६८१ साली त्यावर त्याने पुस्तकही लिहिलं. झाकण उडून माणसं जखमी होऊ नयेत म्हणून त्याने वर एक दांडी आणि तिला वजन लावलं. आत दाब वाढला की वजन उचललं जायचं आणि वाफ निघून जायची. एप्रिल १६८२मध्ये सोसायटीच्या मंडळींना त्याने या भांड्यात शिजवलेलं जेवण वाढलं. बैलाची हाडंसुद्धा चीजसारखी मऊ झाली होती, असं त्या पंगतीला असलेल्या जॉन एव्हलिन यांनी रोजनिशीत नोंदवलंय. विज्ञानाच्या इतिहासातली इतकी चविष्ट प्रात्यक्षिकं फारशी नसतील!

पण पापिन तिथेच थांबला नाही. जर्मनीत मारबुर्गला प्राध्यापक असताना १६९० साली त्याने दुसरी कल्पना मांडली. नळकांड्यात दट्ट्या, खाली थोडं पाणी. तापवलं की वाफ दट्ट्या वर ढकलते. थंड केलं की वाफेचं पाणी होतं, आत पोकळी पडते आणि बाहेरची हवाच दट्ट्याला खाली दाबते. वाफेच्या इंजिनाचं बीज ते हेच. पण शाळेत आपण गोष्ट ऐकतो ती जेम्स वॅटची आणि त्याच्या किटलीची. पापिनची अखेरची वर्षं मात्र लंडनमध्ये हलाखीत गेली.

हे आख्यान लावण्याचं कारण आहे. ब्लो-ऑफ व्हॉल्वकडे लोक पापिनच्या पहिल्या कल्पनेच्या नजरेने पाहतात: दाब वाढला की उघडणारी शिट्टी. प्रत्यक्षात तो चालतो दुसऱ्या कल्पनेवर, पोकळीच्या जोरावर.

तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढता आणि थ्रॉटलची झडप मिटते. टर्बो मात्र फिरतच असतो. पुढे कोंबलेल्या हवेला वाट उरत नाही. तोटी झटकन बंद केल्यावर भिंतीतला पाइप धडकतो ना, तशी ती हवा उलटून टर्बोच्या पात्यांवर आदळते. ते टाळायला हा व्हॉल्व. त्याच्या झाकणाला खालून बूस्टची हवा ढकलते. वरून एक स्प्रिंग दाबते आणि शिवाय थ्रॉटलच्या पलीकडून, इंजिनकडून एक बारीक नळी वर आणलेली असते. चढावर थ्रॉटल सताड उघडा असतो, तेव्हा खाली-वर सारखाच दाब. तराजू समतोल, स्प्रिंगने फक्त टेकायचं. थ्रॉटल मिटला की इंजिन वरची हवा ओढून घेतं, पोकळी पडते आणि झाकण उचललं जातं.

आता ती बोटभर नळी चिरली तर? समजा झाकण २५ मिलिमीटर व्यासाचं आहे. क्षेत्रफळ जेमतेम पाच चौरस सेंटिमीटर. एक बार बूस्टला खालून सुमारे पाच किलोचा रेटा येतो आणि वरून साथ द्यायला कुणी नाही. स्प्रिंग बिचारी हलकी, तिला हे झेपत नाही. भर चढावर झाकण उघडतं, फुस्स्! व्हॉल्व निर्दोष असतो आणि बदललाही तोच जातो. हीच चीर आयडलिंगला बाहेरची हवा आत घेते. म्हणून सिग्नलला गाडी थरथरत असेल, तर माझा संशय आणखी वाढतो.

‘जास्त बूस्टला जास्त कडक स्प्रिंग’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. फार कडक स्प्रिंग पाय काढल्यावरही उघडत नाही. हवा बाहेर सोडणाऱ्या आवाजवाल्या व्हॉल्वची तर आणखी एक गंमत. काही गाड्यांत आत येणारी हवा दारातच मोजली जाते. मोजलेली हवा मागच्या दाराने पसार झाली, तरी संगणक तिच्या हिशेबाचं पेट्रोल सोडतोच. मग झटके आणि काळा धूर. डिझेल गाडीला हा व्हॉल्व विकणाऱ्यांना तर मी कोपरापासून नमस्कार करतो. बहुतेक डिझेल इंजिनात वेग इंधनावर राखला जातो. पाय काढला म्हणून हवेची वाट बंद होत नाही. तिथे हा फुस्कारा निव्वळ हौसेचा.

तेव्हा आधी ती नळी काढा. टोकं उष्णतेने कडक होऊन निपलपाशीच चिरतात, त्यामुळे तिथे वाकवून पाहा. नळी धड असेल तर व्हॉल्वच्या निपलला हाताचा व्हॅक्यूम पंप लावा. काटा टिकला तर डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, शाबूत; घसरला तर फाटलाय. झाकणाच्या बैठकीवर तेलाची राप असेल तर पुसा, बुडाची ओ-रिंग बघा. नव्या गाड्यांत बऱ्याचदा नळीच नसते, विजेची कॉइल व्हॉल्व उघडते. तिथे वायर आणि रबर तपासायचं.

एवढ्यावर सापडलं नाही तर पंक्चरवाल्याची युक्ती. इंजिन बंद ठेवून टर्बोच्या तोंडाला बूच लावायचं, कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरायची, गाडीच्या नेहमीच्या बूस्टच्या वर जायचं नाही, आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. फेस फुगेल तिथे गळती. काही हवा इंजिनच्या पोटातून सुटणारच, तिला घाबरू नका. फक्त ऑइलची पट्टी उडणार नाही एवढं बघा, माझी एकदा शेजारच्यांच्या तुळशीपर्यंत गेली होती.