दिंडोरीत फिरलं कोण?

दिंडोरी लोकसभा मतदारसंघात 20 मे 2024 रोजी मतदान झालं. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भाजपच्या भारती पवार लाखाहून अधिक मतांनी पडल्या आणि शरद पवारांच्या पक्षाचे शिक्षक उमेदवार भास्कर भगरे खासदार झाले. बरोबर सहा महिन्यांनी, 20 नोव्हेंबरला, त्याच मतदारांनी विधानसभेसाठी बटण दाबलं. नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी या सहाही जागा महायुतीकडे गेल्या. राज्यातही तसंच घडलं. लोकसभेला 48 पैकी 30 जागा जिंकणारी महाविकास आघाडी विधानसभेला 288 पैकी जेमतेम 46 वर आली.

मतदार पैशाला भुलला, असं म्हणून अनेकजण मोकळे झाले. मला ते मतदाराचा अपमान करणारं वाटतं, आणि अपुरंही.

मे महिन्यातला राग कांद्याचा होता. केंद्राने निर्यातबंदी घातली डिसेंबर 2023 मध्ये, नेमकी लाल कांद्याच्या हंगामात. उन्हाळी कांदा चाळीत भरून भावाची वाट पाहता येते. लाल कांदा टिकत नाही, काढला की बाजार समितीत न्यावाच लागतो. त्यामुळे लासलगाव-पिंपळगावात भाव कोसळले तेव्हा शेतकऱ्याला थांबण्याची सोयच नव्हती. बंदी उठली ती मतदान पंधरवड्यावर आल्यावर, आणि तीही 40 टक्के शुल्क आणि किमान निर्यातमूल्याची अट लावून. पिंपळगाव बसवंतच्या सभेत खुद्द पंतप्रधानांसमोर एका तरुणाने कांद्यावर बोला म्हणून आवाज दिला. हा राग दिल्लीवर होता आणि तो दिल्लीच्या निवडणुकीत निघाला.

सप्टेंबरमध्ये किमान निर्यातमूल्याची अट गेली, शुल्क निम्म्यावर आलं, भाव चढले. राग निवला. पण भावावरच सगळं ठरत असतं, तर हमीभाव 4,892 रुपये असूनही त्याखाली सोयाबीन विकावं लागलेल्या विदर्भ-मराठवाड्यात महायुती जिंकली नसती.

मधल्या काळात राज्य सरकारची ‘लाडकी बहीण’ योजना आली. महिना 1,500 रुपयांप्रमाणे मतदानाआधी पाच हप्ते, म्हणजे 7,500 रुपये, बाईच्या स्वतःच्या खात्यात पडले. कांद्याची पट्टी बहुतेक घरांत पुरुषाच्या हाती येते. हे पैसे मात्र तिच्या नावावर आले आणि ते काढायला तिने कुणाला विचारायची गरज नव्हती. आघाडीने 3,000 रुपयांचं आश्वासन दिलं होतं. बायकांनी दुपटीच्या शब्दापेक्षा हातात पडलेली रक्कम मोलाची मानली. याला भुलणं म्हणायचं, तर कर्जमाफीला मत देणाऱ्या शेतकऱ्यालाही तेच म्हणावं लागेल.

तरीही दिंडोरीचं खरं उत्तर मला आमदारांच्या यादीत दिसतं. नोव्हेंबरात निवडून आलेले सहाही जण 2019 मध्ये याच जागांवरून निवडून आलेले होते. नरहरी झिरवाळ, दिलीप बनकर, छगन भुजबळ आणि नितीन पवार हे चौघे तेव्हा राष्ट्रवादीच्या घड्याळावर, भाजप-शिवसेना युतीविरुद्ध लढून जिंकले. जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली, चौघेही अजित पवारांबरोबर सत्तेत गेले, आणि मे 2024 मध्ये त्यांच्या मतदारांपुढे कमळाला मत द्या अशी मागणी आली. यंत्रावर घड्याळ नव्हतंच. त्यातल्या अनेकांनी शरद पवारांच्या पक्षाची तुतारी (तुतारी वाजवणारा माणूस) शोधली. ती किती शोधली, हे तिसऱ्या क्रमांकाच्या अपक्षावरून कळतं. त्याचंही आडनाव भगरे आणि चिन्ह नुसती तुतारी. त्याला लाखाहून जास्त मतं पडली. नोव्हेंबरात यंत्रावर घड्याळ परत आलं, त्यापुढे ओळखीचं नाव होतं, आणि रस्त्याच्या, पाण्याच्या, दाखल्याच्या कामाला ज्याच्याकडे जायचं तोच माणूस उभा होता.

म्हणजे पाच वर्षांत बाजू बदलली ती मुख्यतः नेत्यांनी. मतदाराने खासदाराला एक प्रश्न विचारला आणि आमदाराला दुसरा.

राज्याच्या आकड्यांकडेही असंच बघायला हवं. लोकसभेला दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचंही अंतर नव्हतं, तरी जागा 30 आणि 17 अशा पडल्या. सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो अशा पद्धतीत मतांची थोडी सरकही जागांमध्ये कितीतरी मोठी होऊन दिसते. विधानसभेला अंतर खरोखरच मोठं होतं, मतदानही 61 वरून 66 टक्क्यांच्या आसपास गेलं. मे महिन्यात घरी राहिलेले अनेकजण नोव्हेंबरात केंद्रावर आले. त्यांनी पक्ष बदलला असं म्हणता येत नाही. लोकसभेला त्यांनी कुणालाच मत दिलेलं नव्हतं.