फोन वाजण्याआधी

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. आठवडाभर गल्लीबोळांतून चालणारा खडखडाट त्या दिवशी थांबतो आणि घरात बसून फोनवर निवांत बोलता येते. समजा, अशाच एखाद्या गल्लीतल्या मुलीला रमजानच्या पहिल्या आठवड्यात ई-मेल येतो : रेझ्युमे पाहिला, अर्धा तास बोलू या, सोयीची वेळ कळवा. पाठवणारा असतो एका बड्या तंत्रज्ञान कंपनीचा रिक्रूटर, म्हणजे भरतीचे काम पाहणारा माणूस. मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअर आहे. दोन वर्षे नाशिकच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि रमजानपुरते घरून काम करते आहे. घरात आनंद होतो, दुआ मागितली जाते. मुलगी मात्र सहरीपर्यंत कोडिंगचे अवघड प्रश्न सोडवत बसते.

पहिली गल्लत इथेच होते. कोडिंगची खरी परीक्षा पुढच्या फेऱ्यांत असते. हा पहिला फोन साधारण वीस ते तीस मिनिटांचा. समोरच्याला एवढेच जाणून घ्यायचे असते की हा उमेदवार या जागेला साजेसा आहे का, त्याने लिहिलेले काम त्याला नीट सांगता येते का, तो केव्हा रुजू होऊ शकेल आणि त्याची अपेक्षा काय आहे. लहान गावांतली हुशार मुले अडखळतात ती बहुधा इथे, कारण या फोनची तयारी करायची असते हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते.

कोडी घालून बुद्धी तपासतात, ही भीतीही जुनी झाली. गुगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ मध्येच जाहीरपणे सांगितले होते की, असल्या कोड्यांतून कामाचा माणूस ओळखता येत नाही. काही जागांसाठी मात्र रिक्रूटर मूलभूत ज्ञानाचे चार-दोन प्रश्न विचारतो. क्रमाने लावलेल्या दहा लाख नोंदींत बायनरी सर्चने एक नोंद शोधायला किती तुलना लागतील? साधारण २०. एचटीटीपीएसचा पोर्ट कोणता? ४४३. विचारणारा स्वतः इंजिनीअर असेलच असे नाही, बऱ्याचदा उत्तर त्याच्यापुढे लिहिलेले असते. म्हणून पुस्तकातले सरळ उत्तर आधी द्यावे, बारकावे मागाहून.

वेळ मागायला संकोच नको

दुसरी अडचण वेळेची. रिक्रूटरने सुचवलेली वेळ बदलून मागितली तर संधी जाईल, असे अनेकांना वाटते. खरे तर सोयीची वेळ कळवा असे तो लिहितो, ते वेळ ठरवण्यासाठीच. फोन लंडनहून येणार असेल तर तिथल्या दुपारी एक वाजता आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. रमजान मार्चमध्ये असेल तर ही नेमकी इफ्तारच्या तोंडावरची वेळ. दिवसभराचा रोजा, घशाला कोरड, बाहेर अजानची वाट पाहणारी गल्ली. अशा वेळी कामाविषयी बोलणे नीट जमत नाही. ‘त्या वेळी मला अडचण आहे, दुपारी तीन चालेल का?’ एवढे एक वाक्य पुरते.

फोन कॅलिफोर्नियातून येणार असेल तर आणखी एक खाच आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळे एक तास पुढे जातात. आदल्या आठवड्यात रात्री साडेनऊला ठरलेला फोन पुढच्या आठवड्यात साडेआठला, ऐन तरावीहच्या वेळेला येऊ शकतो. म्हणून वेळ कळवताना ‘भारतीय वेळ’ असे स्पष्ट लिहावे. आपल्या मुलीने शुक्रवार दुपार मागितली, तर नमाज झालेली असेल आणि मागही बंद असतील.

‘आम्ही’ नव्हे, ‘मी’

‘तुमच्याविषयी सांगा,’ हा बहुधा पहिला प्रश्न. इथे मुलगी गाव, शाळा, दहावीचे टक्के असे सुरू करते आणि कामापर्यंत पोहोचते तोवर चार मिनिटे गेलेली असतात. उत्तर दीड-दोन मिनिटांत संपावे : सध्या काय करते, आजवरचे सर्वांत चांगले काम कोणते आणि ही जागा का हवी.

त्याहून अवघड भाग पुढे येतो. केलेल्या कामाविषयी विचारले की ती म्हणते, ‘आम्ही औषध दुकानांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर केले.’ हे ‘आम्ही’ संस्कारातून येते. स्वतःची तारीफ स्वतः करू नये, हे मंदिराच्या गल्लीतही शिकवतात आणि मशिदीच्या गल्लीतही. पण रिक्रूटरला त्या ‘आम्ही’तली ती दिसत नाही. बॉक यांनीच रेझ्युमेसाठी एक सोपी रीत सांगितली होती : काय साधले, ते कोणत्या मापाने कळले आणि कसे केले. त्या रीतीने तिचे वाक्य असे होईल : ‘महिन्याचा हिशेब काढायला चाळीस सेकंद लागत होते. एकच माहिती पुन्हा पुन्हा मागवली जात होती, हे मी शोधले आणि ती मागणी एकदाच होईल असे बदलले. आता तीन सेकंद लागतात.’ यात बढाई नाही. जे झाले ते मोजून सांगितले आहे. सहकाऱ्याने केलेला भाग त्याच्या नावानेच सांगावा. तेवढ्याने आपला भाग कमी होत नाही.

अशी तीन-चार कामे कागदावर लिहून मोठ्याने बोलून पाहावीत. ऐकायला अम्मीला बसवावे. तिला संगणक कळत नाही, म्हणूनच ती योग्य श्रोता. तिला समजले तर रिक्रूटरलाही समजेल. ‘म्हणजे दर ताग्याला बॉबिन आणायला गोदामात जायचे, ते तू सकाळी एकदाच आणून ठेवलेस,’ असे ती म्हणाली, की तयारी झाली म्हणावे.

एक प्रसंग न जमलेल्या कामाचाही हवा, कारण तेही विचारतात. चूक काय झाली, कशी सुधारली आणि पुढे काय बदलले, हे थोडक्यात सांगावे. कंपनीविषयी वाचून ठेवावे. अ‍ॅमेझॉनने आपली १६ तत्त्वे उघडपणे प्रसिद्ध केली आहेत, पहिले ग्राहकाविषयीचे. तिथल्या मुलाखतीतले प्रश्न या तत्त्वांना धरून असतात. आपला कोणता अनुभव कुठे बसतो, हे आधीच ताडून पाहता येते.

इंग्रजीची धास्ती अनेकांना असते. वाक्ये छोटी ठेवावीत. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारावा, आठवायला क्षणभर थांबावे. फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून थांबताना ‘एक क्षण विचार करते’ असे सांगावे.

पगार आणि सावधगिरी

आताचा पगार, अपेक्षा आणि नोटीस पीरियड हे प्रश्न येणारच. आताचा पगार फुगवून सांगू नये. पुढे पगारपत्रक मागितले जाते आणि तिथे खोटे उघडे पडते. अपेक्षेविषयी ‘या पदासाठी कंपनीने किती ठरवले आहे?’ असे आधी विचारणे गैर नाही. शेवटी ‘काही विचारायचे आहे का?’ यावर गप्प राहू नये. पुढच्या फेऱ्या किती, त्यांत काय तपासतात, तयारीला किती दिवस मिळतील, हे जरूर विचारावे.

आणि फोन करणाऱ्याने नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपसाठी पैसे मागितले तर तिथेच थांबावे. चांगली कंपनी नोकरीसाठी पैसे घेत नाही. ई-मेलचा पत्ता कंपनीचाच आहे का, हे आधी तपासावे.

फोन संपल्यावर त्याच दिवशी आभाराच्या दोन ओळी पाठवाव्यात आणि विचारलेले प्रश्न वहीत लिहून ठेवावेत. नकार आला तरी दार कायमचे बंद होत नाही, काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो. तेव्हा ती वही कामी येते.

शनिवारी माग पुन्हा सुरू होतील. निकाल काय लागेल हे त्या मुलीच्या हाती नाही. आपल्या दोन वर्षांच्या मेहनतीचा हिशेब न लाजता, न फुगवता सांगणे मात्र तिच्या हाती होते. ते जमले, की इफ्तारच्या दस्तरखानावर ती समाधानाने बसू शकते.