दाढीवाल्या पाहुण्याचें पथ्यपाणी

मुलांनीं मांजर पाळावें, ससा पाळावा, फार तर कांचेच्या पेटींत मासे ठेवावे, येथवर वडील मंडळींची तयारी असते. परंतु अलीकडे पुण्यामुंबईच्या कांहीं घरांत एक निराळाच पाहुणा येऊं लागला आहे. तो म्हणजे ऑस्ट्रेलियांतील दाढीवाला सरडा. मुलें त्यास ‘बिअर्डेड ड्रॅगन’ म्हणतात. लोणावळ्यास किंवा मावळांतील एखाद्या गांवीं राहणाऱ्या कुटुंबानें त्याचें संगोपन करावयाचें म्हटलें, तर पहिली अडचण उभी राहते ती त्याच्या जेवणाची. पिलूं पानाला तोंड लावीत नाहीं, किड्याकडे ढुंकून पाहत नाहीं, आणि घरांतील प्रत्येक जण त्यास चोखंदळ ठरवून मोकळा होतो. या चोखंदळपणाचीं खरीं कारणें कोणतीं, याचा विचार आम्ही येथें करणार आहोंत.

प्रथम त्याची ओळख करून घेऊं. त्याचें शास्त्रीय नांव पोगोना विटिसेप्स. ग्रीक भाषेंत ‘पोगोन’ म्हणजे दाढी. रागावला म्हणजे तो गळ्याखालची काटेरी पिशवी फुगवून काळी करतो, त्यावरून हें नांव पडलें. त्यास अगदींच परका समजण्याचें कारण नाहीं. आपल्या कुंपणावरचा सरडा याच कुळांतला आहे. आणि रंगीत गळ्याच्या कांहीं देशी सरड्यांच्या वंशास तर शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं ‘सरडा’ हेंच नांव दिलें.

तो रुक्ष, उष्ण प्रदेशांतला प्राणी. त्याचा जठराग्नि देहांत नसून बाहेरच्या उन्हांत असतो, असें म्हटलें तरी चालेल. पेटीच्या एका टोकास ३८ ते ४२ अंश सेंटिग्रेड ऊब आणि दुसऱ्या टोकास २५ ते २९ अंश, अशी त्याची सोय हवी. उलट लोणावळ्यास वर्षाकाठीं सरासरी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आषाढ-श्रावणांत दिवसच्या दिवस सूर्यदर्शन होत नाहीं, भिंतींना ओल येते आणि पारा पंचविशीच्या आसपास रेंगाळतो. अशा हवेंत पिलानें अन्न नाकारलें, तर तो हट्ट नव्हे, शहाणपण होय. कारण ऊब नसतां पोटांत गेलेलें अन्न पचत नाहीं, तेथेंच कुजूं लागतें. पावसांत वीज गेली असेल, तर जेवणहि पुढें ढकलावें.

दुसरें कारण सूक्ष्म आहे. खिडकीच्या कांचेतून ऊब येते; परंतु अतिनील किरणांपैकीं जे त्वचेंत ‘ड’ जीवनसत्त्व घडवितात, त्यांना कांच अडविते. म्हणून त्यासाठीं निराळा दिवा लावावा लागतो. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावीं कॅल्शियम अंगीं लागत नाहीं. हाडें मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा लवतो. मऊ जबड्याचें पिलूं किडा चावूं शकत नाहीं, आणि लोक त्यासहि चोखंदळच म्हणतात!

आतां प्रत्यक्ष आहार. शाकाहारी घरांत येथेंच पेंच पडतो. बालवयांत याच्या आहाराचा सुमारें तीन चतुर्थांश भाग किड्यांचा असतो. मोठेपणीं हें प्रमाण बहुतांशीं उलटतें. ज्यांना हें रुचत नसेल त्यांनीं हा प्राणी घरीं आणूंच नये. पिलास केवळ भाजीवर ठेवणें ही अहिंसा नव्हे, ती उपासमार होय.

किडा पिलाच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा. दिवसांतून दोन-तीन वेळां, दहा-पंधरा मिनिटांत संपतील इतकेच किडे द्यावे. याच कामासाठीं पैदास केलेले रातकिडे विकत मिळतात, ते घ्यावे. त्यांस आदल्या दिवशीं गाजर व पाला खाऊं घालावा आणि देतांना वर कॅल्शियमची भुकटी भुरभुरावी. स्वयंपाकघरांतील झुरळ किंवा भातखाचरांतला नाकतोडा देऊं नये. त्यांच्या अंगीं कीटकनाशक असण्याचें भय असतें. उरलेले रातकिडे पेटींत ठेवूं नयेत, ते निजलेल्या पिलास चावतात.

पाला सकाळीं, किडे देण्यापूर्वीं, भूक असतांना पुढें ठेवावा. मोहरीचा पाला बारीक चिरून त्यावर लाल भोपळ्याचा कीस आणि जास्वंदीच्या पाकळ्या घातल्या, तर रंग पाहून पिलूं तोंड लावतें. पालक रोज नको. त्यांतील आम्ल कॅल्शियमला अडकवून ठेवतें. आल्यागेल्यानें लाडानें चिक्कीचा तुकडा पुढें करूं नये, हें निराळें सांगावयास नको.

मावळांत एक भय विशेष आहे. मेअखेर व जूनच्या आरंभीं राजमाचीच्या रानांत झाडेंच्या झाडें काजव्यांनीं उजळतात. मुलानें कौतुकानें एखादा काजवा पेटींत सोडूं नये. काजवे खाऊन असे सरडे दगावल्याच्या घटना अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केल्या. तेथील एक काजवाहि प्राण घेण्यास पुरेसा होतो. तेव्हां चमकणारा किडा सर्वथा वर्ज्य समजावा.

नव्या घरीं पिलूं पहिले आठ-दहा दिवस बावरलेलें असतें, आणि कात टाकतांनाहि तें कमी खातें. तेवढ्यानें घाबरूं नये. मात्र दर आठवड्यास त्याचें वजन करून वहींत टिपावें. वजन घटत गेलें, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां जाणत्या पशुवैद्याकडे जावें.

कंटाळा आला म्हणून त्यास रानांत सोडूं नये. सह्याद्रीचा पाऊस त्यास मारील, अथवा त्याचे रोग आपल्या सरड्यांस लागतील. त्याऐवजीं घोरपडीचें पिलूं आणण्याचा विचारहि नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो गुन्हा आहे.

एकाची गाय नकळत दुसऱ्यास दान दिल्यामुळें नृग राजास सरडा होऊन विहिरींत पडावें लागलें, ही भागवतांतील कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. दात्याचा हेतु चांगला असून भागत नाहीं. आपण काय देतों हें त्यानें पाहिलें पाहिजे, हा तिचा बोध. वाढदिवशीं नातवाच्या हातीं हें पिलूं ठेवूं पाहणाऱ्या आजोबांनीं तो ध्यानांत ठेवावा, आणि पिलाआधीं त्याच्या उबेची व पथ्याची सोय घरांत करावी.